राष्ट्रध्वजांत आमचा वांटा कोणता?

वर्षांतून दोन दिवस असे येतात कीं त्या दिवशीं आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील प्रत्येक शाळेपुढें, प्रत्येक ग्रामपंचायतीपुढें आणि आतां पुष्कळ झोंपड्यांवरही तिरंगी ध्वज फडकतो. वणीपासून उमरखेडपर्यंत कोणत्याही खेड्यांत जा, शाळेंत जाणारें लहान मूल त्या ध्वजाचे रंग क्रमानें सांगेल. परंतु रंग सांगणें निराळें आणि अर्थ सांगणें निराळें. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत ह्या ध्वजाविषयीं दोन प्रश्न वारंवार निघतात, आणि ते हंसून टाळण्यासारखे नाहींत.

पहिला प्रश्न शेजारी विचारतो. तो म्हणतो, "केशरी पट्टा अमक्यांचा, हिरवा पट्टा तमक्यांचा, मग तुम्हां ख्रिस्ती लोकांचा पट्टा कोणता?" दुसरा प्रश्न आमच्यांतीलच एखादा कोमल मनाचा मनुष्य विचारतो. तो म्हणतो, "कापडापुढें उभें राहून वंदन करणें ही मूर्तिपूजा तर नव्हे?" पहिल्या प्रश्नांत देशांतील आमच्या जागेविषयीं शंका आहे, आणि दुसऱ्यांत देवाविषयींच्या आमच्या निष्ठेची काळजी आहे. वरवर पाहतां हे प्रश्न परस्परांपासून दूर दिसतात. परंतु ध्वज कसा घडला हें नीट समजून घेतलें म्हणजे दोहोंचें उत्तर एकाच ठिकाणीं सांपडतें, असें आम्हांस वाटतें. म्हणून आधीं इतिहास पाहूं व मग विचार करूं.

निशाण ह्या शब्दाचा मूळ अर्थ खूण. कापडास स्वतःचें मोल थोडेंच असतें. तें कोणाची व कशाची खूण आहे ह्यावरून त्यास मोल येतें. इस्राएल लोक रानांत असतां प्रत्येक वंश आपापल्या निशाणापाशीं, दर्शनमंडपाभोंवतीं तळ देत असे, हें गणना पुस्तकाच्या वाचकांस ठाऊक आहेच. आमच्या महाराष्ट्रांत भगवा झेंडा व जरीपटका हीं राज्याचीं निशाणें होतीं, आणि वारकरी अद्यापि खांद्यावर पताका घेऊन पंढरीची वाट चालतात. हीं सर्व निशाणें आदरास पात्र आहेत. परंतु त्यांतील प्रत्येक निशाण कोणा एका वंशाचें, एका राज्याचें किंवा एका पंथाचें आहे. सर्व वंश, सर्व पंथ व सर्व जाती ज्याखालीं सारख्या हक्कानें उभ्या राहतील असें निशाण ही अगदीं निराळी गोष्ट आहे. तें आमच्या देशांत एका दिवसांत झालें नाहीं.

१९४७ पर्यंत सरकारी कचेऱ्यांवर इंग्रजांचें निशाण असे. त्या निशाणांत तीन क्रूस एकावर एक बसविलेले आहेत: इंग्लंडचा संत जॉर्ज, स्कॉटलंडचा संत अँड्र्यू आणि आयर्लंडचा संत पॅट्रिक ह्यांच्या नांवांचे ते क्रूस होत. तें पाहून, ज्यांच्या निशाणांत क्रूस त्यांचेच हे ख्रिस्ती लोक, असें शेजाऱ्यांस वाटणें स्वाभाविक होतें. आणि आमच्यांतील कांहींना तसें वाटून घेणें सोईचेंही होतें. परंतु निशाणावर क्रूस शिवल्यानें राज्य क्रूसाच्या वाटेनें चालूं लागतें असें नाहीं. त्याच निशाणाच्या राज्यांत १३ एप्रिल १९१९ रोजीं अमृतसरच्या जालियनवाला बागेंत निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडण्यांत आल्या. त्या दिवशीं निशाणावरील तीन क्रूस कोणाच्या आड आले नाहींत. धर्माची खूण कापडावर असणें व धर्म मनांत असणें ह्यांत किती अंतर असूं शकतें, ह्याचा हा मोठा धडा आहे, आणि तो आम्ही सर्वांनीं जपून ठेवण्यासारखा आहे.

आमच्या देशाचें स्वतःचें निशाण असावें ही इच्छा विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रकट झाली. मुंबईच्या पारशी कुळांतील मादाम भिकाजी कामा ह्यांनीं २२ ऑगस्ट १९०७ रोजीं जर्मनींतील स्टुटगार्ट शहरीं भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेंत हिंदुस्थानचा म्हणून एक तिरंगी झेंडा उभारला. त्यावर कमळें होतीं, "वन्दे मातरम्" हीं अक्षरें होतीं आणि सूर्य व चंद्रकोरही होती. पुढें तो झेंडा हिंदुस्थानांत आणण्यांत आला व पुण्यास केसरीवाड्यांत जतन करण्यांत आला. त्या झेंड्याच्या रचनेवरून करणाऱ्यांच्या मनांतील हेतु दिसतो: कोणासही वगळावयाचें नाहीं, म्हणून प्रत्येकाची एक एक खूण घालावयाची. हेतु उदार होता. परंतु खुणांची यादी कधीं पुरी होत नसते.

हीच अडचण पुढें १९२१ सालीं आली. त्या वर्षीं बेझवाडा येथें काँग्रेसच्या बैठकीच्या वेळीं आंध्रांतील पिंगली व्यंकय्या ह्यांनीं गांधीजींस एका झेंड्याची आकृति दाखविली. तींत दोन रंग होते, तांबडा व हिरवा. एक हिंदूंचा व एक मुसलमानांचा. जालंदरचे लाला हंसराज ह्यांनीं त्यावर चरखा असावा असें सुचविलें होतें. गांधीजींनीं बाकीच्या सर्व धर्मांच्या लोकांकरितां तिसरा, पांढरा पट्टा घालण्यास सांगितलें. त्यांची मांडणी लक्षांत घेण्यासारखी होती: पांढरा सर्वांत वर, मग हिरवा आणि तांबडा सर्वांत खालीं. संख्येनें जे थोडे त्यांस पहिली जागा, व जे बलवान त्यांनीं त्यांस आधार द्यावा, असा त्यांत भाव होता. म्हणजे ख्रिस्ती, पारशी, यहूदी वगैरे लोकांस एक पट्टा मिळाला होता, आणि तोही सर्वांत वरचा!

चरखा कां, हें आमच्या जिल्ह्यास समजावून सांगण्याची गरज नाहीं. आमची काळी जमीन कापसाची. यवतमाळहून मूर्तिजापुरास जाणारी ती अरुंद रुळांची रेलगाडी, जिला लोक शकुंतला म्हणत, ती आमचा कापूस वाहून नेण्याकरितांच एका इंग्रज कंपनीनें चालविली. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरांतून विलायतेच्या गिरण्यांत जाई, आणि त्याच गिरण्यांचें कापड आमच्या बाजारांत विकावयास येई. ज्यानें कापूस पिकविला तोच कापडाचा गिऱ्हाईक होई, आणि मधला सर्व नफा दुसऱ्याच्या पदरीं पडे. झेंड्यावरील चरखा ही ह्या अन्यायाची आठवण होती, व तो दूर करण्याचा संकल्पही होता. झेंडाही हातानें कातलेल्या व हातानें विणलेल्या खादीचाच असावा असा नियम होता, तो ह्यामुळेंच.

ह्या झेंड्यासाठीं लोकांनीं किती सोसलें हें पाहावयाचें असल्यास दूर जाण्याचें कारण नाहीं. त्या वेळीं यवतमाळ जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाड ह्या प्रांतांत होता, व त्या प्रांताची राजधानी नागपुर. १९२३ च्या मार्च महिन्यांत जबलपुरास झेंड्यावरून तंटा उपस्थित झाला. मग १ मे १९२३ पासून नागपुरास झेंडा सत्याग्रह सुरू झाला. सरकारचा हुकूम असा कीं झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे मिरवणूक नेऊं नये. स्वयंसेवकांनीं रोज एक तुकडी करून, झेंडा हातीं घेऊन, त्याच रस्त्यानें जावें, आणि पोलिसांनीं त्यांस पकडावें, असा क्रम चालला. वर्धा नदीच्या पलीकडील आमचे शेजारी, वर्ध्याचे जमनालाल बजाज, ह्या सत्याग्रहाचे पुढारी होते. जून महिन्यांत त्यांस अटक झाली, तेव्हां गुजराथेंतून वल्लभभाई पटेल येऊन त्यांनीं काम हातीं घेतलें. विनोबा भावे ह्यांसही ह्याच सत्याग्रहांत तुरुंगवास घडला. निरनिराळ्या प्रांतांतून आलेले दीड हजारांहून अधिक लोक तुरुंगांत गेले. शेवटीं १८ ऑगस्ट रोजीं झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली, आणि सत्याग्रह संपला.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्या स्वयंसेवकांनीं कोणावर हात उगारला नाहीं. झेंडा खालीं ठेवण्यास ते कबूल झाले नाहींत. परंतु झेंड्याचा दांडा त्यांनीं कोणाच्या डोक्यांतही घातला नाहीं. निशाणाचा मान राखण्याची ही रीत आमच्याच प्रांतांत लोकांनीं शिकविली आहे. निशाण हातीं घेऊन दुसऱ्यास भिववावयाचें, हें त्यांच्या स्वप्नींही नव्हतें.

परंतु रंगांची वांटणी कायम राहिली, आणि वांटणी म्हटली कीं तक्रार आलीच. शीख बंधूंनीं विचारलें, आमचा रंग कोठें आहे? त्यांचें विचारणें चुकीचें होतें असें कोण म्हणेल? एकास दिलें तर दुसऱ्यानें मागावें हा न्यायच आहे. म्हणून १९३१ सालीं कराचीच्या काँग्रेसनंतर सात जणांची एक समिति नेमण्यांत आली. तींत पटेल, नेहरू, मौलाना आझाद, मास्तर तारासिंग व पट्टाभि सीतारामय्या हे होते, आणि आमच्या साताऱ्यास जन्मलेले काका कालेलकर व हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर हेही होते. समितीनें असा अभिप्राय दिला कीं सबंध झेंडा एकाच केशरी रंगाचा असावा व कोपऱ्यांत चरखा असावा. तो अभिप्राय मान्य झाला नाहीं. शेवटीं ऑगस्ट १९३१ मध्यें काँग्रेसनें केशरी, पांढरा व हिरवा असे तीन आडवे पट्टे ठरविले, आणि त्याबरोबर स्पष्ट जाहीर केलें कीं हे रंग जातींचे किंवा धर्मांचे नव्हेत, गुणांचे आहेत: केशरी धैर्य व त्यागाचा, पांढरा सत्य व शांतीचा, हिरवा श्रद्धा व शौर्याचा.

वाचकहो, ह्या ठरावापाशीं आपण क्षणभर थांबूं. कारण शेजाऱ्याच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. जो म्हणतो कीं केशरी अमक्यांचा व हिरवा तमक्यांचा, तो १९२१ ची गोष्ट सांगत आहे. ती १९३१ सालींच संपली. आणि त्याच दिवशीं आमचा पांढरा पट्टाही आमचा राहिला नाहीं. तो आमच्याकडून घेतला गेला काय? आम्ही म्हणतों, नाहीं. त्याच्या बदल्यांत सबंध झेंडा आम्हांस मिळाला.

१९४७ सालीं घटना परिषदेनें ध्वजाचा विचार करण्यास राजेंद्रप्रसाद ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तींत सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, मौलाना आझाद, डॉ. आंबेडकर इत्यादि मंडळी होती. २२ जुलै १९४७ रोजीं पंडित नेहरूंनीं ध्वजाचा ठराव मांडला, व ह्या ध्वजास कोणत्याही जातीचा अर्थ लावूं नये असें पुन्हां सांगितलें. चरख्याच्या जागीं आतां सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र आलें, चोवीस आऱ्यांचें व गडद निळ्या रंगाचें. त्याचें एक कारण मोठें साधें होतें: चरखा एका बाजूनें पाहिला तर सरळ व दुसऱ्या बाजूनें पाहिला तर उलटा दिसतो, चक्र दोन्ही बाजूंनीं सारखेंच दिसतें. त्या दिवशीं ठरावास पाठिंबा देणाऱ्यांत मद्रासचे ख्रिस्ती धर्मगुरु जेरोम डिसूझा होते, आणि छोटानागपुरचे जयपालसिंह मुंडा होते, जे स्वतः ख्रिस्ती असून आदिवासींच्या वतीनें बोलले. घटना परिषदेचे एक उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हेही ख्रिस्तीच. तेव्हां हा ध्वज निवडला जात असतां आम्ही बाहेर अंगणांत उभे होतों असें कोणीं समजूं नये. आम्ही घरांत होतों.

आतां कोणी अशी हरकत घेईल: "आपली निराळी खूण नसली तर थोड्या लोकांची आठवण कोण ठेवील? मोठ्या समाजांत लहान समाज बुडून जाणार नाहीं काय?" ही भीति खोटी नाहीं, म्हणून तिचा विचार नीट केला पाहिजे. समजा, खरोखरच पट्टे वांटावयाचे ठरविलें. मग आमच्या एका यवतमाळ जिल्ह्यांतच किती पट्टे लागतील? गोंड, कोलाम, आंध, बंजारा. हिंदु, मुसलमान, जैन, शीख, ख्रिस्ती. प्रत्येकाचा पट्टा किती रुंद, वर कोण, खालीं कोण, ह्याचा तंटा कोण मिटवील? आणि काळ तर थांबत नाहीं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांबरोबर लाखों लोकांनीं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. १९४७ सालीं पट्टे वांटून झाले असते तर ह्या लाखों लोकांकरितां नवा पट्टा कोठून आणला असता? ध्वज फाडून पुन्हां शिवावा लागला असता. परंतु तसें कांहीं करावें लागलें नाहीं, कारण ध्वज कोणासच वांटून दिलेला नव्हता.

शलमोन राजापुढें दोन स्त्रिया एका मुलाकरितां भांडत आल्या, ती गोष्ट आमच्या शब्बाथशाळेंतील मुलांसही पाठ आहे. राजानें मूल दुभागून अर्धें अर्धें देण्याचा हुकूम केला, तेव्हां एक स्त्री अर्ध्या वांट्यास कबूल झाली. खरी आई मात्र वांटा नको म्हणाली. मूल सबंध राहावें एवढेंच तिनें मागितलें. राष्ट्राच्या बाबतींतही हीच परीक्षा आहे. ज्यास आपला पट्टा तोडून हवा, त्यानें बाकीचे पट्टे आपले नव्हेत असें कबूल केलें. ज्यास ध्वज सबंध हवा, त्याचा तो सबंध आहे. लहान समाजास तर ही गोष्ट अधिकच हिताची आहे. कारण वांटणी झाली असतां लहानाच्या हातीं नेहमीं चिंधीच येते.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. वंदन म्हणजे पूजा काय? आमच्या लोकांनीं मूर्ति सोडली ती फुकट सोडली नाहीं. कित्येकांस त्यापायीं घर, नातें व गांवकी सोडावी लागली. म्हणून एखाद्या वृद्ध बंधूस किंवा भगिनीस ध्वजापुढें उभें राहतांना मनांत कांटा टोंचत असेल, तर त्यांस हंसणें हें पाप आहे. त्यांस उत्तर दिलें पाहिजे.

योसेफ ह्या यहूदी इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे कीं, पिलात सुभेदारानें एकदां कैसराच्या मुखवट्यांचीं निशाणें रात्रीं झांकून यरुशलेमेंत आणविलीं. लोक कैसरियास जाऊन पांच दिवस विनवणी करीत राहिले. सहाव्या दिवशीं पिलातानें त्यांच्याभोंवतीं शिपाई उभे केले व तरवारी उपसविल्या. तेव्हां त्या लोकांनीं भुईवर पडून आपल्या माना उघड्या केल्या, आणि नियमशास्त्र मोडण्यापेक्षां मरण बरें असें सांगितलें. पिलात चकित झाला व त्यानें तीं निशाणें परत नेलीं. त्यांचा विरोध निशाणास नव्हता. निशाणावर जो मनुष्य देव म्हणून बसविला होता त्यास होता. दानीएलाच्या तीन मित्रांनींही बाबेलच्या राजाचा मान राखिला, त्याची चाकरी केली. सोन्याच्या मूर्तीपुढें मात्र ते वांकले नाहींत.

आतां आमच्या ध्वजाकडे पाहा. त्यावर कोणा राजाचा मुखवटा नाहीं. कोणा देवाचें चित्र नाहीं. पुढाऱ्याचें नांवही नाहीं. ध्वजसंहितेप्रमाणें त्यावर कांहीं लिहिण्याचीच मनाई आहे. त्यापुढें उभें राहणाऱ्याकडून नवस मागितला जात नाहीं, आणि तो ध्वज कोणास वर देईल असें कोणी म्हणत नाहीं. वडील माणूस घरांत आलें असतां आपण उठून उभे राहतों, ती पूजा नव्हे, तो मान होय. ध्वजास दिलेलें वंदन ह्याच जातीचें आहे. कित्येक गांवीं ध्वजाच्या खांबास हळदकुंकू लावितात व नारळ फोडितात. शेजाऱ्यांची ती रीत आहे. तिजवरून तंटा करूं नये, व ती आपण केलीच पाहिजे असेंही नाहीं. ध्वजसंहितेंत नारळाचा उल्लेख कोठेंही नाहीं. सरळ उभें राहावें, वंदन करावें. मान पुरा झाला.

तरीही एखाद्याचें मन घेत नसेल तर? येथें आम्ही आमच्या उपदेशक बंधूंस विशेष विनंति करितों. अमेरिकेंत १९४० सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें असा निकाल दिला कीं शाळेंतील मुलांस निशाणास वंदन करण्याची सक्ति करितां येते, मग त्यांचा धर्म कांहींही सांगो. तीनच वर्षांनीं, १४ जून १९४३ रोजीं, महायुद्ध चालू असतां, त्याच न्यायालयानें आपलें मत फिरविलें आणि अशी सक्ति बेकायदेशीर ठरविली. आमच्या देशांतही १९८५ सालीं केरळांत यहोवाचे साक्षी ह्या पंथाच्या तीन भावंडांस शाळेंतून काढण्यांत आलें. कारण राष्ट्रगीताच्या वेळीं तीं आदरानें उभीं राहत, परंतु गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजीं आमच्या सर्वोच्च न्यायालयानें त्यांस परत शाळेंत घेण्याचा हुकूम केला. आदरानें उभें राहणें हा मान पुरेसा आहे, असें न्यायालयानें मानलें. त्या पंथाचें मत आमचें नव्हे. परंतु न्यायालयानें जें ओळखिलें तें आम्हीही ओळखिलें पाहिजे: मान हा मागून घेतां येतो, हिसकून घेतां येत नाहीं. दंडुक्याच्या भीतीनें उचललेला हात दंडुक्यास वंदन करितो, ध्वजास नव्हे. ध्वजाचा अपमान करणें हा १९७१ च्या कायद्यानें गुन्हा आहे, आणि तो योग्यच आहे. पण दुर्बळ मनाच्या बंधूची ओढाताण करून ध्वजाचा मान वाढत नाहीं.

मग खरा मान कोणता? आमच्या मतें ध्वज हें एक वचन आहे. धैर्य, सत्य, शांति, श्रद्धा हे गुण कापडांत नसतात. ध्वज उभारणारा ते आपल्यांत असावेत असें वचन देतो. आणि वचनाचा मान पाळण्यांत असतो. १० जुलै १९३० रोजीं आमच्या वणीचे लोकनायक बापूजी अणे ह्यांनीं पुसद येथें जंगल सत्याग्रह केला, तेव्हां त्यांनीं राखीव जंगलांतील गवत कापून कायदा मोडला व अटक करून घेतली. केवढी लहान वस्तु, गवताची पेंढी! परंतु ज्याची गाय उपाशी आहे त्यास स्वराज्याचा अर्थ त्या पेंढींतच कळणार. नागपुरास लोक झेंड्यासाठीं तुरुंगांत गेले व पुसदेस गवतासाठीं; ह्या दोन गोष्टी एकच आहेत. गवत विसरून झेंडा उभारला तर तो नुसतें फडकें राहतो.

ह्या दृष्टीनें आमच्या जिल्ह्याकडे पाहिलें असतां मान खालीं जाते. ज्या कापसाच्या सुतानें हा ध्वज विणला जात असे, तो कापूस पिकविणाऱ्या किती शेतकऱ्यांनीं कर्जापायीं आपला जीव दिला आहे! २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील सहा जिल्ह्यांकरितां साह्याची योजना केली, त्यांत यवतमाळ होतें. तरी तें दुःख संपलें नाहीं. ३० डिसेंबर २०२१ रोजीं ध्वजसंहितेंत फेरफार होऊन यंत्रावर विणलेल्या व पॉलिस्टरच्या कापडाचाही ध्वज चालेल असें ठरलें. त्यामुळें गरिबास स्वस्त ध्वज मिळूं लागला, ही चांगली गोष्ट आहे. परंतु ज्या सुतांत कापूस पिकविणाऱ्याची आठवण विणलेली होती तें सूत आतां प्रत्येक ध्वजांत असणार नाहीं. म्हणून ती आठवण आम्हांस मनांत ठेविली पाहिजे. २६ जानेवारी २००२ पूर्वीं सामान्य मनुष्यास वाटेल त्या दिवशीं आपल्या घरावर ध्वज लावण्याची मोकळीक नव्हती. ती आतां आहे. ज्याच्या घरावर ध्वज आला त्याच्या घरांत वचनही आलें.

तेव्हां आमच्या मंडळ्यांनीं काय करावें? ध्वजाचे साधे नियम सर्वांस शिकवावे: केशरी रंग वर असावा, ध्वज जमिनीस लागूं नये, फाटलेला किंवा मळलेला ध्वज लावूं नये, तो एकांतांत आदरानें नाहींसा करावा, कागदी झेंडे सोहळ्यानंतर रस्त्यांत पडूं देऊं नयेत. हें काम आमच्या तरुण मंडळीनें गांवांत हातीं घ्यावें. मग ह्याहून कठीण नियम पाळावेत. शेजारी कर्जांत बुडाला असेल तर पेरणीपूर्वीं त्याच्या दारीं जावें, प्रेतयात्रेला जाण्यासाठीं थांबूं नये. विहिरीवर कोणास अडविलें जात असेल तर त्याच्या बाजूनें उभें राहावें, मग तो कोणत्याही धर्माचा असो. आणि आमच्याच देवळांत जर जुन्या जातीप्रमाणें चटया निरनिराळ्या पडत असतील, तर त्या आधीं एक कराव्या. कारण ज्यानें आपल्या उपासनेंत पट्टे ठेविले आहेत त्यास सबंध ध्वज मागण्याचा अधिकार नाहीं.

बंधुभगिनींनो, चक्र दोन्ही बाजूंनीं सारखें दिसावें म्हणून तें ध्वजावर आलें. ध्वजाच्या ह्या बाजूस आम्ही उभे आहों, त्या बाजूस आमचा शेजारी उभा आहे. दोघांसही तेंच दिसतें. एवढें जरी त्यास प्रेमानें सांगतां आलें, तरी त्याच्या प्रश्नाचें उत्तर दिल्यासारखें होईल. तें सांगतांना आमच्या बोलण्याला आमच्या वागण्याची साक्ष मिळावी, अशी देवाजवळ आमची प्रार्थना आहे.